मंगळवारचे आमेन

पोलंडातल्या आमच्या वूच शहरातल्या गिरणीत फ्रुमेटने ऐन उमेदीची वर्षे कांड्या भरण्यात घालवली. सुताच्या धुळीने खोकला जडला, तेव्हा ती कोप्पेलच्या नाटकमंडळीत आईच्या भूमिका करू लागली. आवाज बेताचाच होता; पण विणकरांना ती आपल्या घरातलीच वाटे.

झारच्या राज्यात तेव्हा आम्हा ज्यूंच्या यिडिश बोलीतल्या नाटकाला बंदी होती. कोप्पेल परवाना जर्मन नाटकाचा काढी आणि नट जर्मनशी मिळत्याजुळत्या यिडिशलाच जर्मन कोट चढवून बोलत. पुढच्या रांगेत पोलीस अंमलदार बसे. त्याला संशय आला तर मंडळी बंद, आणि फ्रुमेटच्या हाती पुन्हा कांड्या.

नव्या नाटकात आई शुक्रवारी तिन्हीसांजेला सुरू होणाऱ्या शब्बाथच्या, आमच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाच्या, मेणबत्त्या लावते, असा प्रवेश होता.

"फ्रुमेटबाई, हात जोडतो, प्रार्थना तेवढी तोंडातून काढू नका," कोप्पेल म्हणाला. "एक हिब्रू शब्द, की आपला बाजार उठला!"

"हे तुम्ही मला सांगता? खेळ मंगळवारी. मंगळवारी शब्बाथची प्रार्थना म्हणून देवाला का फसवू मी?"

त्या मंगळवारी मी सज्जात होतो. फ्रुमेटने मेणबत्त्या लावल्या, तळव्यांनी डोळे झाकले आणि नुसते ओठ हलवले. सूर्यफुलाच्या बिया फोडण्याचा आवाजसुद्धा थांबला. तिने हात खाली घेताच सारे नाटकगृह गरजले, "आमेन!"

अंमलदार उठला. "ही कुठली भाषा?"

अंमलदाराच्या मागेच गिरणीचा जर्मन मुकादम वेंडलर बसला होता. फ्रुमेटने त्याच्याच हाताखाली काम केले होते.

"आमेन?" तो म्हणाला. "आम्ही दर रविवारी चर्चमध्ये म्हणतो. बसा साहेब, पुढचं दिसत नाही."

अंमलदार बसला.

पडदा पडल्यावर मी आत गेलो. कोप्पेल हसत होता. फ्रुमेट मात्र रागाने लाल झाली होती.

"न म्हटलेल्या प्रार्थनेला आमेन! पाप आहे हे. उद्यापासून मेणबत्त्या लावणार नाही मी."

"अहो बाई, मग लोक येतील कशाला?"

तिला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर म्हणाली, "बरं. मग आमेन म्हणण्याजोगं काहीतरी मीच बोलेन. तुमच्या त्या जर्मनमध्ये."

पुढच्या खेळाला तिने डोळे झाकले आणि स्पष्ट आवाजात म्हटले, "देवा, कांड्या भरणाऱ्या बायकांचा खोकला बरा कर."

सज्जातल्या बायका खोकत खोकतच आमेन म्हणाल्या.