अण्णा आणि आग्नेसबाईंचे संत

अण्णा गेल्याचा धाकट्या भावाचा फोन आला, तेव्हा मी शिरवळला कामावर होतो. मिरजेला पोचलो तर अंगण माणसांनी भरलेलं आणि अण्णांच्या उशाशी आग्नेसबाई बसलेल्या. त्यांना तिथं बघून मला रडू यायच्या आधी लाज वाटली. कारण शेवटची काही वर्षं माझे वडील या बाईंचं तोंड चुकवत जगले होते...

आग्नेसबाई मूळच्या वसईकडच्या. मिरजेत नर्स म्हणून आल्या, आमच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहिल्या आणि आमच्याच होऊन गेल्या. त्यांच्याकडं येशूच्या तसबिरीखाली एक जुनी चांदीची डबी असायची. पुढं काच, आत लाल रेशमावर तांदळाच्या कणीएवढा हाडाचा तुकडा, मागं लाखेची मोहोर. कुण्या परदेशी संताची ती अस्थी, बाईंच्या पणजोबांपासून घरात जपलेली. गल्लीत कुणी आजारी पडलं की बाई त्या काचेला रुमाल टेकवून आणायच्या आणि आजाऱ्याच्या कपाळावर ठेवायच्या. माझ्या टायफॉईडात अण्णाच तो मागून घेऊन आले होते. फौजेतून सुभेदार होऊन आलेला माणूस, कुणापुढं सहसा न वाकणारा, पण त्या डबीपुढं चपला काढून उभा राहायचा.

पुढं बाई डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी भाचीकडं वसईला गेल्या, किल्ली अण्णांकडं देऊन. त्यातच पितृपक्ष आला. एवढा मोठा साधू आणि अजून त्याला कुणी पाण्यात सोडलं नाही, हे अण्णांच्या मनानं घेतलं ते घेतलंच. त्यांनी मोहोर फोडून तुकडा काढला, आंघोळ करून कृष्णेच्या घाटावर गेले आणि घरच्या माणसाचं करावं तसं तीळ-पाणी देऊन तो सोडून आले. डबी चिंचेनं घासून लख्ख केली आणि जागेवर ठेवली. बाई परतल्यावर सांगायला गेले तेही खुशीत.

"बाई, तुमच्या बाबाला मोकळं केलं बघा. लय दिस आडकला हुता."

बाई खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "अण्णा, तो मोकळाच होता हो. आम्हीच त्याला जवळ ठेवून घेतलं होतं."

एवढंच. त्यांनी आवाज चढवला नाही, घर सोडलं नाही. रिकाम्या डबीपुढं मेणबत्ती लावत राहिल्या. मिटले ते अण्णा. बाईंचा आवाज कानावर आला की पुढच्या दारानं शेताकडं निघायचे. बाईंनी चहाला बोलावलं तरी त्यांना हटकून काहीतरी काम निघायचं. आम्ही भाऊ मात्र पाहुण्यारावळ्यांत हा किस्सा रंगवून सांगायचो. सगळे हसायचे... आणि पलीकडच्या खोलीत अण्णा ते ऐकत असायचे. त्या हसण्याची मला आज शरम वाटते.

गेल्या दिवाळीत त्यांनी मला जवळ बसवून सांगितलं, "माझी हाडं हितल्या घाटावर नगंत. तितं त्यो बाबा हाय. कुठल्या तोंडानं त्याच्यापुढं जाऊ रं? साताऱ्याला न्या, माहुलीच्या संगमावर."

अस्थी सावडून आल्यावर मी कलश घेऊन गाडीत बसत होतो, तेवढ्यात बाई बाहेर आल्या.

"दारात कृष्णा असताना एवढ्या लांब का नेताय?"

काहीतरी थाप मारावी असं वाटलं, पण जमलं नाही. मान खाली घालून अण्णांचे शब्द होते तसे सांगितले. मला त्यांच्याकडं बघवेना.

"माहुलीचं पाणी इथंच येतं की रे," त्या हळूच म्हणाल्या. "अण्णांना काय माहीत नव्हतं? जन्म गेला त्यांचा या नदीवर."

मी कलश घेऊन आत बसलो. बाईंनी गाडीचं दार लावलं आणि खिडकीतून आत वाकल्या.

"ने माहुलीला. सावकाश येतील अण्णा. त्या बाबालाही इथं दुसरं कोण ओळखीचं आहे?"