बिनरक्ताची जखम

युद्धाची वर्षं होती. कामथडीत आमची भाताची गिरणी होती, तेलाच्या इंजिनावर चालणारी. इंजिन आमच्या यांच्याकडं, दवापाणी माझ्याकडं. कुणाला काटा मोडो की विंचू चावो, हाक मलाच यायची, आणि मी म्हणेन ती काळ्या दगडावरची रेघ.

एका सकाळी इंजिन काळा धूर ओकायला लागलं. यांनी तेल फवारणारं नोझल सोडवलं, चाक हातानं फिरवलं आणि फवारा येतो का ते बघायला समोर उजवा तळवा धरला. सगळे गिरणीवाले असंच बघायचे.

"टोचलं कायतरी," म्हणाले.

मी पाहिलं. बोटाच्या मुळाशी मोहरीएवढा ठिपका, रक्ताचा टिपूससुद्धा नाही.

"काटा मोडला तरी रगत निघतं. एवढ्यानं काय हुतंय तुमाला?" मी फटकारलं. बिचारे हसले आणि कामाला लागले.

दुपारी बोट पांढरंफटक पडलं. चिमटा काढला तरी कळेना. मी तेव्हाच घाबरले होते, खोटं कशाला बोलू? पण रक्त नाही म्हणजे मुका मार, आणि मुक्या माराला शेक, हे आमच्याकडं ठरलेलं. आंबेहळदीचा गरम लेप लावला, वर तापल्या विटेचा शेक. दोन दिवस देत राहिले. तिसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला आणि त्याला वास यायला लागला.

मोटारीनं पुण्याला नेलं. डॉक्टरांनी तळव्याला चीर दिली तर आतून इंजिनाचं तेल आलं. ते म्हणाले, तेल कितीही दाबा, ते दबत नाही. सुईएवढी वाट मिळाली की असं सुटतं, की कातडीसुद्धा भेदतं. मग आत पसरतं आणि मांस नासवतं. त्याच दिवशी आणलं असतं तर हात वाचला असता. शेकानं तर घातच केला.

"शेक कुणी दिला?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात हे म्हणाले, "म्याच घेतला, सायब. ही नको म्हणत हुती."

हात मनगटापासून काढला.

गावानं तेच खरं धरलं. "बायकोचं ऐकलं असतं तर हात ऱ्हायला असता," असं लोक यांना तोंडावर म्हणायचे. हे नुसती मान हलवायचे, आणि मी चुलीपाशी भाकरी थापत ऐकून घ्यायची.