बॉयलरवर टांगलेला देव

बॉयलर फुटल्यावर माणसाचे काय उरते, हे तुम्ही कधी पाहिले आहे काय? मी पाहिले आहे. पोलीस खात्यात उभी नोकरी घालवली, खून पाहिले, दरोडे पाहिले. पण वडगावला फौजदार असतानाची ती एक सकाळ काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाही.

भाताचा हंगाम होता. रेल्वेमार्गाच्या कडेला वाफेवर चालणारी भाताची गिरणी होती. सोमाटणे, उर्से, वराळे अशा गावांहून आलेल्या गाड्या भल्या सकाळपासून दारात लागल्या होत्या. मी ठाण्यात हजेरी घेत होतो, तोच जमीन हादरली. घोडा टाकून पोहोचलो तेव्हा गिरणीला छप्पर नव्हते. बॉयलरचे अर्धे धूड दोन शेते ओलांडून बांधावर पडले होते. तांदूळ पाखडणाऱ्या तीन बाया आणि एक गाडीवान जागीच गेले होते. एका बाईच्या हातात सूप तसेच होते. मी तरुण होतो, तापट होतो, स्वतःला कणखर समजत होतो. ते सूप सोडवायला मात्र मी शिपायाला सांगितले.

पंचनामा सुरू झाला. ढिगाऱ्यात बॉयलरच्या सुरक्षा झडपेची लोखंडी दांडी सापडली. वाफेचा दाब फार वाढला की ही झडप आपोआप उघडते आणि जादा वाफ निघून जाते. दांडीला तांबड्या फडक्यात बांधलेला, शेंदराचे थर चढलेला एक गोळा तारेने आवळलेला होता. मी हात घालणार तोच आमचे जमादार पुढे झाले.

"साहेब, पायताण काढा आधी. देव हाय त्यो."

मी बूट काढले. पंचांनी हात जोडले. आणि मी माझ्या हाताने पंचनाम्यात लिहिले : 'पूजेचा दगड, एक नग.'

गिरणीचे मालक कौन्सिलात निवडून गेलेले पुढारी होते. तालुका त्यांना मेंबरसाहेब म्हणे. ते गर्दीसमोर रडले, मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "फौजदार, आगवाल्याला धरा. डोंगरातला माणूस, झोकून आला असणार. बॉयलरमध्ये पाणी सोडायला विसरला."

आगवाला, म्हणजे बॉयलरच्या भट्टीत तूस लोटणारा माणूस, डोंगरवाडीवरचा होता. तूस आणायला बाहेर गेला म्हणून वाचला होता. वाचला, हाच त्याचा गुन्हा ठरला. मेलेल्या बायांच्या घरचे त्याच्या अंगावर धावून गेले. मी त्याला हयगयीने मृत्यू घडवल्याच्या आरोपाखाली अटक केली. त्याच्या तोंडाला दारूचा वास नव्हता. ते मला कळले होते, तरी अटक केली.

पाच दिवसांनी मळका कोट घातलेले एक मध्यमवयीन गृहस्थ स्टेशनवरून चालत ठाण्यात आले. पाणीही न घेता म्हणाले, "मी सरकारी बॉयलर इन्स्पेक्टर. आता खानदेशात असतो. वर्तमानपत्रात वाचलं आणि रजा टाकून आलो. हा बॉयलर मी पावसाळ्याआधी तपासला होता."

"मग दाखला तुम्हीच दिलात?"

"निम्म्या दाबाचा दिला. पत्रा गंजून पातळ झाला होता. झडप निम्म्या दाबाला लावून शिशाचं सील ठोकलं आणि शेरा लिहिला, दुरुस्तीशिवाय दाब वाढवू नये. पंधरवड्यात माझी बदली झाली. वरून पत्र आलं, हंगाम संपेपर्यंत या गिरणीची तपासणी तहकूब." ते पुढे वाकले. "झडपेच्या दांडीवर काही होतं का हो?"

"काही नाही. पूजेचा दगड होता."

ते हळू आवाजात म्हणाले, "फौजदारसाहेब, दांडीवर भार वाढला की झडप वेळेवर उघडत नाही. त्या दांडीवर चिमणी बसलेलीसुद्धा मला चालली नसती."

मुद्देमालाच्या खोलीत जमादारांनी देव कोनाड्यात ठेवला होता. रोज झेंडूचे फूल वाहत होते. मी खोबरेल मागवले आणि शेंदूर खरवडायला लागलो. जमादार कुरकुरले, "साहेब, लेकराबाळांचं घर हाय तुमचं. नका करू."

तिसऱ्या थराखाली दगड लागला नाही, लोखंड लागले. त्यावर गिरणीचा छाप होता. ते दहा शेरी वजन होते. लगेच गिरणीचा काटा तपासला, तर वजनांच्या जोडात दहा शेरी नव्हते.

जमादारांनी कोनाड्यातले फूल उचलून बाहेर फेकले. "मी फुलं वाहिली की हो याला!"

मी काय केले होते? खुनाच्या हत्याराला पंचनाम्यात देव करून ठेवले होते. माझ्या सहीने!

आगवाल्याला कोठडीतून बाहेर काढून समोर बसवले. चहा दिला. तो कपाकडे संशयाने बघत राहिला.

"हे दांडीवर कुणी टांगलं?"

"मालकानं सोताच्या हातानं. गिरनी चालू करायच्या दिशी. नारळ फोडला, म्हनाले, राखणीचा देव हाय, कुनी हात लावायचा न्हाई."

"आणि शिशाचं सील?"

"त्ये बी त्यांनीच तोडलं. म्हनाले, त्या सायबाची आडकाठी व्हती, आता वरनं हुकूम आलाय."

"जड लागलं नाही तुला?"

"लय जड लागलं. पर देव जडच असतोय न्हवं?"

मी जबाब लिहून घेतला. मग आगवाला आपणहून बोलला, "सायेब, त्यो सायेब वंगाळ व्हता म्हनत्यात. आमी समद्यांनी अंगठं दिलं की त्याला हितनं हलवायला."

त्याने कधी न पाहिलेले ते इन्स्पेक्टर त्याच्या शेजारीच बसले होते. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. अर्जाची ही नक्कल खुलासा मागताना त्यांना धाडली होती. 'इन्स्पेक्टर गरीब रयतेचे भात कुजवू पाहत आहे, तरी त्यास हलवावे.' खाली 'निशाणी अंगठा' अशा नोंदींच्या रांगा आणि प्रत्येकीपुढे नाव. मी पंचनामा काढून नावे ताडून पाहिली. आगवाल्याचा अंगठा होता. गाडीवानाचा होता. तिन्ही बायांचे होते. ज्याने त्यांचा जीव राखला असता, त्याला घालवायला त्याच पाच जणांचे अंगठे घेतले होते. इतका निर्लज्ज कागद मी पुन्हा पाहिला नाही.

मेंबरसाहेबांना ठाण्यात बोलावले. ते खुर्चीत रेलून म्हणाले, "लोकांचा अर्ज होता. मी लोकांचा माणूस. हंगामात गिरणी निम्म्यावर चालवून भागतं का?"

"अर्जासोबत इन्स्पेक्टरचा शेरा लोकांना वाचून दाखवला होता?"

"अडाणी माणसांना शेरा काय कळणार?"

"पत्रा पातळ झालाय, एवढं कळलं असतं."

ते उठले. "फौजदार, तुमची बिऱ्हाडाची गाडीही भरून ठेवा."

त्यांनी शब्द पाळला, माझी बदली झाली. चार्जशीट मात्र मी आधीच कोर्टात घातली होती, त्यामुळे ती कोणाला मागे घेता आली नाही. आगवाला सुटला. मेंबरसाहेबांना शिक्षा झाली, पण फार थोडी. ज्यांनी बदलीवर आणि तहकुबीच्या पत्रावर सह्या केल्या, त्यांना साक्षीलाही कोणी बोलावले नाही. हा संताप माझा आजही निवलेला नाही.

पुढे नोकरीत एवढे मात्र पाळले. पंचनाम्यात दिसेल ते लिहायचे, लोक काय म्हणतात ते नाही. आणि एक गोष्ट पक्की कळली. सत्तेतला माणूस तपासणाऱ्याला एकटा हलवत नाही. तो आपलेच हात त्यासाठी वापरतो. ज्याला कोणाची मते मागायची नाहीत, असा एक तरी माणूस यंत्र आणि आपण यांच्यामध्ये उभा असावा लागतो. त्याला हलवले की मध्ये कोणीच उरत नाही.

सुटला त्या दिवशी आगवाला मला भेटायला आला. हात जोडून उभा राहिला. आभार मानील असे वाटले. त्याने विचारले, "सायेब, आमचा अंगठा त्या कागदावरनं माघारी घेता येतो का?"

येत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. बॉयलर इन्स्पेक्टर, मोटार तपासणारा, सुरुंगाच्या दारूचा अधिकारी, कोणीही असो, त्याच्याविरुद्धचा अर्ज तुमच्या ओसरीवर आला, तर शाईला बोट लावू नका. आधी त्या अधिकाऱ्याचा शेरा मागा आणि तो चार माणसांत मोठ्याने वाचून घ्या. वाचून दाखवत नसतील, तर अर्ज आणणाऱ्याला तसाच परत पाठवा.