सुमनचे एकशे बारा

सकाळी मी लोणच्याच्या बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. सायली गावाहून जिग्नेशचा फोन आला. तिथे त्याचं गॅरेज आहे. तो नेहमी आधी "मोठ्या काकी, जय श्रीकृष्ण" म्हणतो. त्या दिवशी म्हणाला नाही. "मोठ्या काकी, सुमनकाकी गाडीजवळ खुर्चीत बसल्या होत्या... चहा आणला तर उठल्याच नाहीत." त्याला सात आठवडे झाले. रिया, ओम, तुम्हाला तुमची धाकटी आजी व्हिडिओ कॉलवर, ग्रीस लागलेल्या बोटांनी चष्मा वर ढकलणारी एवढीच माहीत आहे. म्हणून हे नीट लिहून ठेवते आहे. ती माझी धाकटी जाऊ होती हे खरं, पण तेवढं सांगून काहीच सांगितल्यासारखं होत नाही.

मी मुंबईहून इथे सिल्वासाला इंग्रजीची शिक्षिका म्हणून आले. सुमन धुळ्याकडची. आयटीआयमध्ये मुलांना वायरिंग शिकवायची. तिचा नवरा, म्हणजे माझा धाकटा दीर वसंत, राखोलीच्या एका कारखान्यात फिटर होता. त्याच्या लाल हॅचबॅकला टर्बो बसवायचं त्याच्या मनात होतं. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्त हवा कोंबतो, आणि जास्त हवा म्हणजे जास्त ताकद. वसंताने आख्खं इंजिन उघडून, आतले भाग मजबूत घालून, पुन्हा स्वतःच्या हाताने बंद केलं. शेवटचा बोल्ट आवळला आणि महिन्याभरात तो गेला. इंजिन तसंच ताडपत्रीखाली राहिलं. वर्षश्राद्ध झाल्यावर सुमन मला म्हणाली, "ताई, त्यांनी बंद केलंय ते मी उघडणार नाही. पण चालू करणार."

चालू करायचं तर कॉम्प्युटर हवा होता. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं आणि ठिणगी कधी टाकायची हे ठरवणारी ती पेटी. गाडीच्या जुन्या पेटीला टर्बो ठाऊकच नव्हता. जिग्नेशने दोन पर्याय आणले. एक स्वस्त डबी, जी जुन्या पेटीला खोटे आकडे दाखवून काम चालवून घेते. दुसरी शर्यतीच्या गाड्यांची, चाळीस वायरींची. "काकी, यात बधुं, सगळं येतं. दीडशे हॉर्सपॉवर तर पक्के." सुमनने दोन्हींची माहितीपुस्तकं मागवली आणि मला वाचायला बसवलं. मी भाषांतर करायचे, ती प्रश्न विचारायची. ही पेटी काय काय नोंदवून ठेवते? इंजिनात खडखड झाली तर हिला ऐकू येतं का? हवेचा दाब फार वाढला तर ही स्वतः थांबवते का? आणि शेवटचा प्रश्न नेहमी तोच. "बिघडली तर सिल्वासात कोण बघणार?" डबीला ती म्हणाली, "खोटं बोलणारी बाई घरात नको." मोठीला म्हणाली, "हिच्या निम्म्या वायरी उघड्या लोंबतील." तिने तिसरीच निवडली. मधली, साधी, जिच्यातला प्रत्येक आकडा तिला स्वतःला वाचता आणि बदलता येईल अशी. जिग्नेश आठवडाभर रुसला होता.

गाडी सुरू झाली तेव्हा कॉलनीतली माणसं गॅलरीत आली. पण सुमनला आवाजात रस नव्हता. ताकद किती, हे तिला हवं होतं, आणि तेही ताकद मोजणाऱ्या मशीनवर नेण्याआधी, स्वतः हिशेब करून. एका वाटेने पेट्रोलवरून. पेट्रोल किती जळलं ते पेटी सांगते, त्यावरून ताकद काढायची आणि चाकांपर्यंत पोचताना वाटेत हरवते ती वजा करायची. दुसऱ्या वाटेने रस्त्यावरून. गाडीचं वजन माहीत असेल आणि ती किती सेकंदांत चाळीसवरून ऐंशीवर जाते ते कळलं, की चाकांची ताकद निघते. "दोन्ही वाटांनी उत्तर एकच आलं पाहिजे," ती म्हणायची. "नाही आलं तर इंजिन आतून आजारी आहे. मग उघडावंच लागेल."

वजनासाठी आम्ही सायली गावातल्या, ट्रक तोलायच्या काट्यावर गेलो. सुमन चालवत होती, मी शेजारी. रस्त्यावरच्या चाचणीतही मी बसणार होते, मांडीवर लॅपटॉप घेऊन बटणं दाबायला. म्हणजे माझंही वजन धरायला हवं होतं. काट्यावर लाल दिव्यांचे हातभर उंच आकडे लागतात आणि मागे सहा ट्रकवाले उभे असतात. पावती आणते म्हणून मी आधीच खाली उतरले. परत बसले तेव्हा सुमनने विचारलं, "ताई, तुमचं धरलं ना?" मी म्हणाले, "धरलं." आणि वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं, एकूण नऊशे चाळीस किलो.

गलोंड्याला एका नव्या प्लॉटच्या आतला, अजून वापरात न आलेला रस्ता मालकाने रविवारी मोकळा करून दिला. जाताना तीन वेळा, येताना तीन वेळा, चढउतार जुळावा म्हणून. माझा अंबाडा सुटला, पण बटण एकदाही चुकलं नाही. घरी येऊन तिने हिशेब केला. पेट्रोलच्या वाटेने एकशे बारा. रस्त्याच्या वाटेने एकशे चार.

आठचा फरक. तिने तीन दिवस वाऱ्याचा अडथळा, टायर, सगळं पुन्हा मांडलं. आकडा हलला नाही. जिग्नेश म्हणाला, "मी सांगितलं होतं ना, मोठी पेटी घ्या. नाहीतर दाब वाढवू." सुमन म्हणाली, "आजारी माणसाला पळवायचं नसतं." चौथ्या दिवशी तिने वसंताचा जुना शर्ट घातला, इंजिनाशी वाकली आणि पहिल्या बोल्टला पाना लावला. तो बोल्ट वसंताने आवळला होता. तिचा हात तिथेच थांबला... मी वही छातीशी धरून उभी होते. आयुष्यभर मुलांना खाडाखोड करू नका म्हणत आले होते.

"सुमन, थांब. काट्यावर मी खाली होते."

ती वळली नाही. "मग धरलं म्हणालात ते?"

"नाही धरलं. आकडा सगळ्यांना दिसला असता."

आता ती वळली. "किती?"

"जिग्नेशला बाहेर पाठव."

"तो जाणार नाही. सांगा."

"एकाहत्तर."

जिग्नेश छताकडे बघू लागला. सुमनने माझ्याच हातातली वही घेतली, नऊशे चाळीसवर काट मारली, एक हजार अकरा लिहिलं आणि खाली हिशेब केला. मग पाना खाली ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसून इतकी हसली की शर्टाच्या बाहीने डोळे पुसावे लागले. "एकशे बारा, ताई. काही झालेलं नाही त्याला. तुम्ही एकट्या आठ हॉर्सपॉवरच्या आहात हो." जिग्नेश म्हणाला, "मोठ्या काकी, तुम्हालाच टर्बो बसवला पाहिजे."

पुढच्या महिन्यात हायवेवरच्या एका वर्कशॉपमध्ये गाडी रोलरच्या मशीनवर चढवली. तिथली माणसं दोन म्हाताऱ्या बायकांना खुर्च्या देऊन, मालक कधी येतात म्हणून वाट बघत होती. "मालक मीच," सुमन म्हणाली, आणि एकशे बारा असं एका कागदावर लिहून तिथल्या मेकॅनिकच्या हातात दिलं. मशीनने तीनदा मोजलं. एकशे तेरा. मेकॅनिकने कागद पाहिला, पडदा पाहिला, आणि आपल्या सगळ्या माणसांना हाका मारून बोलावलं. एकाने विचारलं, "काकी, कुठल्या मशीनवर काढलंत?" सुमन म्हणाली, "ट्रकच्या काट्यावर. आणि आमच्या ताईंवर." परत येताना ती सबंध रस्ता ताठ बसून गाडी चालवत होती. वापीच्या पुढे आल्यावर एकदाच म्हणाली, "त्यांनी नीट बंद केलं होतं." त्यानंतर तीन वर्षं ती गाडी चालवली तिने, आणि तो बोल्ट कोणी उघडला नाही.

आता गाडी माझ्या अंगणात आहे. दर वर्षी तिची चाचणी व्हायची, तो रिवाज मोडायचा नाही असं जिग्नेशचं म्हणणं आहे. म्हणून गेल्या रविवारी आम्ही पुन्हा काट्यावर गेलो. तो चालवत होता, मी माझ्या जागेवर, मांडीवर तीच वही. मागे ट्रकांची रांग होती. तो हळूच म्हणाला, "मोठ्या काकी, तुम्ही सावलीत उभ्या राहा. मी आकडा मनात वाढवून घेतो."

"नको," मी म्हणाले. "मी आत आहे. धर मला."

वर लाल आकडे लागले. मी ते मोठ्याने वाचले, आणि सुमनच्या अक्षराखाली लिहिले.