आमच्या बिल्डिंगमधली शाकाहारी मांजर

सिल्वासाच्या आमली भागातली ही खोली मला एका अटीवर मिळाली. घरमालक काका गुजराती, निवृत्त, दोन वेळा पूजा करणारे. ते म्हणाले, बाकी काही करा, पण घरात मच्छी-मटण शिजणार नाही आणि बाहेरून येणारही नाही. मी मालवणकडची. पण गावातल्या मराठी शाळेत नुकतीच नोकरी लागली होती आणि शाळा तिथून पाच मिनिटांवर होती. मी मान डोलावली.

मांजर मात्र कुठलीही अट न ऐकता आली. एका दुपारी जिना चढून वर आली, वह्यांच्या गठ्ठ्यावर बसली आणि राहिलीच. भाडेकरारात तिचा उल्लेख नसल्यामुळे मी तिला नावही दिलं नाही. काकांना सुरुवातीला ती खटकली. मग एक दिवस त्यांनी तिला दुधात कुस्करलेली रोटली घातली आणि तिने ती चाटूनपुसून खाल्ली. तेव्हापासून काका गल्लीत सांगत सुटले की संगत चांगली असली तर मांजरसुद्धा शाकाहारी होते. लोक मुद्दाम बघायला यायचे. समोरच्या आजी तर नातवंडांना घेऊन आल्या. मांजर सगळ्यांदेखत रोटली खायची आणि मग डोळे मिटून, पाय दुमडून ध्यानाला बसायची. अभिनयात ती माझ्यापेक्षा सरस होती.

कारण रविवारी मी शाळेतल्या एका सहकारी बाईंकडे जेवायला जायची आणि येताना तळलेल्या बांगड्याचा तुकडा आणायची. तीन प्लॅस्टिकच्या पिशव्या, त्यांच्यावर सहावीच्या उत्तरपत्रिका. एका मुलीने विचारलंही, बाई, पेपरला वास कसला येतो? घरी आलं की न्हाणीघराचं दार लावायचं, उदबत्ती पेटवायची, मांजरीचं गुरगुरणं बाहेर जाऊ नये म्हणून नळ सोडायचा आणि काटे वेचून तिला भरवायचं. त्या उदबत्तीमुळे काका मला फार धार्मिक समजायचे. मला लाज वाटायची. पण दर रविवारी तेवढीच वाटायची, वाढत नव्हती.

एका रविवारी काकांनी दार वाजवलं. नळ इतका वेळ का चालू आहे, टाकी रिकामी होईल, असं ते बाहेरून सांगत होते. माझी पाचावर धारण बसली. मी घाईघाईने नळ बंद केला आणि उरलेला तुकडा तसाच मांजरीपुढे टाकला. काटे काढायचे राहिले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर ती जिन्याखाली बसलेली. तोंडातून लाळ गळत होती आणि पंजाने ती स्वतःच्याच तोंडावर मारून घेत होती. काकांनी रोटली पुढे केली, तिने बघितलंही नाही. गल्लीतल्या लोकांनी लांबूनच निदान करून टाकलं: पिसाळली. गोणीत घालून गावाबाहेर सुरंगीच्या जंगलात सोडून या, असा सल्लाही आला. काकांनी त्या सल्लागारांना गप्प केलं. मी प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला फोन लावला. तासाभरात त्यांची व्हॅन दारात उभी राहिली.

डॉक्टर तरुण मुलगी होती. जाड हातमोजे घालून तिने मांजर अलगद पिंजऱ्यात घेतली आणि विचारलं, ही खाते काय? मी तोंड उघडायच्या आत काका पुढे झाले. शुद्ध शाकाहारी, दूध-रोटली, कधी खिचडी, असं त्यांनी एखाद्या जावयाची माहिती द्यावी तसं सांगितलं. डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा मान डोलावली.

मग तोंडात काही अडकायचा प्रश्न नाही, डॉक्टर म्हणाली. म्हणजे पिसाळल्याचीच शंका धरावी लागेल. तोंडात हात घालता येणार नाही, वेगळं ठेवून नुसतं बघत राहावं लागेल. आणि ती काही खात-पीत नसेल तर किती दिवस तग धरेल, हे डॉक्टरला सांगता येणार नव्हतं.

मांजर पिंजऱ्यातून माझ्याकडे बघत होती. मांजरं तशीही बघतात, त्यात काही अर्थ नसतो, हे मला माहीत आहे. तरी मला रडू फुटलं.

“काल तिने बांगडा खाल्ला,” मी म्हणाले. “मीच घातला. काटे काढायचे राहिले.”

काकांकडे बघायची माझी छाती नव्हती. मनातल्या मनात मी सामान बांधायला घेतलं होतं.

आधी का नाही सांगितलंत, असं त्या मुलीने मला विचारलं नाही. आजतागायत विचारलेलं नाही. तिने फक्त विचारलं, “किती वाजता?” या दोन शब्दांसाठी मी त्या संस्थेची जन्मभर ऋणी राहीन. मग व्हॅनमध्ये मांजरीला गुंगीचं इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळाने चिमट्यात काटा धरून डॉक्टर बाहेर आली. टाळूवर, दोन्हीकडच्या दाढांमध्ये आडवा रुतला होता. संस्थेच्या मदतनीस बाईंनी मला पाणी दिलं. या गावात प्राणी काय खातात ते आम्हाला नेहमी सगळ्यात शेवटी कळतं, असं त्या म्हणाल्या आणि हसल्या.

काका व्हॅनच्या दाराशी आले. आजपासून फक्त रोटली, असं त्यांनी जाहीर केलं. डॉक्टर म्हणाली, नाही चालणार काका. नुसत्या दूध-रोटलीवर मांजरीचे डोळे अधू होतात. आठवडाभर तरी उकडलेला मासा द्या, मऊ, एकही काटा नको. मी म्हटलं, मी सहकारी बाईंकडे शिजवून आणीन, नाहीतर दुसरी खोली बघीन.

“बेन, तुमचा भरोसा नाय,” काका म्हणाले. “गच्चीवर शिजवा.”

दुसऱ्या दिवशी गच्चीवर मी बांगडा उकडला आणि काटे काढून ताटली बाजूला ठेवली. काका वर आले. नाकाला रुमाल बांधलेला, डोळ्यांवर पेपर वाचायचा चष्मा. ते खाली बसले, ताटली जवळ ओढली आणि आयुष्यात पहिल्यांदा माशाला हात लावला. बोटांनी चिवडत चिवडत त्यांनी माझ्या नजरेतून सुटलेला एक काटा शोधून काढला, उन्हात धरून नीट बघितला आणि मग ताटली मांजरीपुढे सरकवली.