गोधडीतला झोळ

जुलेखाला मी तोंडावर खोटारडी म्हटलं, ते आयुष्यात एकदाच. पण आधी ती कशी बाई आहे ते सांगते, नाहीतर तुम्ही तिला नावं ठेवाल.

सोलापूरच्या भवानी पेठेत तिच्या घराची आणि आमची भिंत एक. तिचा नवरा इमामसाब अचानक गेला तेव्हा पोरगी चौथीत होती. तेव्हापासून जुलेखा गोधड्या शिवते. लोक जुन्या साड्या, धोतरं आणून देतात. हिची गोधडी अंथरली की फरशीसारखी सपाट! पोरीला, इफ्राला, मात्र तिनं सुईला हात लावू दिला नाही. "माझ्या बोटांची चाळण झाली तेवढी बास. तू शीक."

पोरगी शिकली. शिकत शिकत अहमदाबादला पोचली आणि पीएचडीला विषय काय घेतला? गोधडी! कपाळ माझं! तेही पुस्तकं वाचून नाही. स्वतः शिवायचं, चुकायचं, का चुकलं ते लिहायचं. त्यालाच तिथं संशोधन म्हणतात. तीन वर्षांचं काम, मग सोलापुरात येऊन कॉलेजात शिकवीन, असं आईला कबूल करून गेली.

थोड्याच दिवसांत फोन आला. "अम्मी, मधोमध झोळ येतोय गं. काय चुकतंय?"

चारही बाजू आधी बंद केल्या की जास्तीचं कापड मध्ये गोळा होतं. म्हणून चौथी बाजू शेवटपर्यंत उघडी ठेवायची आणि झोळ तिकडं सारत न्यायचा. एवढीशी गोष्ट. आणि ही बया म्हणते, "ते सांगून कळत नाही बेटा. घरी ये, हात धरून दाखवते."

फोन ठेवल्यावर मी चढलेच तिच्यावर. "खोटारडे, एका वाक्याचं काम आहे की!"

ती रडायलाच लागली. "अक्का, सांगितलं तर ती येईल कशाला? नुसता आवाज ऐकून जीव भरतो का?"

माझीही लेक हुबळीला दिलेली.

इफ्रा आली नाही. हट्टी, आईवरच गेलेली. "माझं मीच शोधते" म्हणाली. ईदला यायची ती एका दिवसापुरती, घर पाहुण्यांनी भरलेलं, शिवण आत ठेवलेली. गोधडीमागून गोधडी झाली, प्रत्येकीत झोळ. तीन वर्षांची पाच झाली. जुलेखाला तर पुढं पुढं खरं सांगायचीच लाज वाटू लागली. शेवटी गाईडच्या सल्ल्यानं पोरीनं त्या झोळावरच प्रबंध लिहिला. परीक्षक खूश. तिथल्याच कॉलेजानं नोकरी दिली.

पदवी घेऊन ती चार दिवस आली. जुलेखानं गोधडी अंथरली, पोरीचा हात हातात घेतला आणि झोळ सारत सारत चौथ्या बाजूनं काढून दाखवला.

इफ्रा बघतच राहिली. "एवढंच होतं?"

"एवढंच. तू यावंस म्हणून सांगितलं नाही. माफ कर बेटा."

मला वाटलं, आता पोरगी भडकणार. पण तिनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"अम्मी, हे तेव्हाच कळलं असतं तर तीन वर्षांत काम संपलं असतं गं. ही नोकरीही आली नसती. मी घरीच आले असते."

चौथ्या दिवशी पोरीची गाडी होती.