मोटारीची खांदशेकणी

आर्वीचे आमचे घरमालक काका, ही पहिली गोष्ट. माझी नोकरी, माझं बिऱ्हाड, पोरांच्या शाळा, हे सगळं त्यांच्या नंतर येतं, म्हणून आधी त्यांना नमस्कार करून घेतो. आणि लगेच सांगून टाकतो की धडधाकट चालणारी मोटार ज्याला बघवत नाही असा त्यांच्यासारखा दुसरा माणूस वर्धा जिल्ह्यात झाला नाही. झाला असेल तर त्याची गाडी अजून रस्त्यावर आलेली नाही!

मी मूळचा जतकडचा. आठवीत शाळा सुटली. वाढत्या वयात बोअर मारणाऱ्या गाडीबरोबर गावोगाव हिंडलो आणि नव्वदीच्या शेवटी कधीतरी आर्वीला येऊन टायफॉइडनं आडवा झालो. बोअरची गाडी पुढच्या गावाला निघून गेली. ज्यांच्या शेतात काम चालू होतं त्या काकांनी मला उचलून घरी आणलं, मागची खोली दिली, काकूंनी मऊ भात करून घातला. बरा झालो तरी "आता नीघ" असं कुणी म्हणेना, आणि त्याचाच मला घोर लागला. दुसऱ्याच्या घरी ताटावर बसलो की अर्धपोटीच उठायचो. गावाकडं मोकळ्या हातानं जायचं तर आईला तोंड काय दाखवायचं? माझी ही घालमेल काकांनी ओळखली असावी. एका सकाळी चहा पिता पिता ते म्हणाले, "तू ड्रायव्हर हो. माह्यापाशी गाडी हाये, तुह्यापाशी टाइम हाये. अजून काय लागते?"

लागत बरंच होतं, ते मला नंतर कळलं. काकांचं बाजारात फवारणीचे पंप, पाईप आणि बियाणं विकायचं दुकान होतं, आणि गाडी सरकारी लिलावातली, कबुतरी रंगाची. ती त्यांच्याकडे आली तेव्हा चांगली चालत होती म्हणतात. पण कारखान्यावर काकांचा भरवसा नव्हता. "कंपनीवाल्यानं गाडी बनवली कोन्या थंड मुलखात बसून," ते म्हणत. "तिले आपला उन्हाळा मालूम हाये का?" मग त्यांनी तिला उन्हाळा शिकवला. मागच्या खिडकीला वाळ्याची ताटी, टपावर पाण्याची टाकी, टाकीतून ताटीवर ठिबकची नळी. मे महिन्यात गाडी चालू लागली की आत असा गारवा आणि असा सुगंध, की देवळात बसल्यासारखं वाटे! गाडी थांबली की मात्र टाकीतलं पाणी थांबत नसे. ब्रेक लागला रे लागला, की ते टपावरून पुढं धावे आणि ड्रायव्हरच्या मानेत उतरे. एकदा शेजारच्या नवरदेवाला काकांनी हौसेनं पुढच्या सीटवर बसवून मांडवापर्यंत नेलं. मांडवासमोर गाय आडवी आली. नवरदेव आंघोळ करूनच उतरला. वऱ्हाडी चिडले, तर काका म्हणाले, "पानी पडनं शुभ असते, बाप्पा. कायले बोंबलता?"

वायरिंगचीही तीच कथा. मागचे दिवे त्यांनी स्वतः जोडले, तेव्हापासून डावा इंडिकेटर लावला की भोंगा वाजायचा. तोही साधा नाही, जुन्या ट्रकचा! बिघाड सापडेना, तेव्हा काकांनी डावीकडं वळणंच सोडून दिलं. दुकान घरापासून डाव्या हाताला होतं. ते उजवीकडं, पुन्हा उजवीकडं, आणखी एकदा उजवीकडं असं अर्धं गाव फिरून दुकानात पोचत. वाटेत चार माणसं भेटतात, चहा होतो, असा वर फायदा सांगत. आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर काही ना काही उरायचंच. नट, वायसर, स्प्रिंगा, नाव माहीत नसलेले लोखंडी तुकडे, सगळं लोणच्याच्या बरणीत जाई. "कंपनीवाले भेकड असतात," काका बरणी हलवून मला दाखवत, "भेवापायी जास्तीचं लावून ठेवतात." त्यावर काकू आतून ओरडत, "अवो, तुमी डाक्टर नाई झाले हे बरं झालं! पेशंटले शिवून झाल्यावर किडन्या बरनीत ठेवल्या असत्या!"

अशा गाडीवर मी शिकलो. मान भिजू नये म्हणून ब्रेक मऊ लावायला शिकलो, भोंग्याच्या भीतीनं डावं वळण मनातल्या मनात घ्यायला शिकलो, आणि तरीही लायसन मिळालं. ट्रायलला गाडी दुसऱ्याची होती, हे काकूंच्या देवाचे उपकार. मग पावसाळ्यात काकांनीच बातमी आणली: सावंगीला एका डॉक्टरीणबाईंना ड्रायव्हर पाहिजे, राहायला खोलीही देणार. बाईंचा निरोप होता, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत या, बाराला नागपूरच्या एका माणसाला बोलावलंय. नागपूरचा माणूस! त्याला दहा गाड्यांचा सराव असणार, आणि मी एका गाडीवर शिकलेलो, तीही अशी.

पण मध्ये पोळा होता. काकांची बैलजोडी गेल्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. शेत भाड्याच्या ट्रॅक्टरवर चाले. गोठ्यात मोटार उभी असे. गोठ्यात जे उभं राहतं त्याचा पोळा झालाच पाहिजे, असं काकांचं म्हणणं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोणी-हळदीनं शेकतात, वर्षभराचा जुवाचा त्रास निघावा म्हणून. काका गरम लोण्याची वाटी आणि पळसाचं पान घेऊन गाडीपुढं उभे राहिले.

"इचा खांदा कोनता बे?" त्यांनी मला विचारलं.

मी पुढच्या चाकावरचा पत्रा दाखवला.

"अबे, खांदा म्हंजे जिथं ओझं पडते ते." त्यांनी बॉनेट उघडलं, बराच वेळ बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "हा पाह्य, पंख्याचा पट्टा! पंखा हाच फिरवते, पानी हाच फिरवते, ब्याटरी हाच भरते. याच्यावानी कोन राबते?" आणि त्यांनी त्या रबरी पट्ट्याला, आतून-बाहेरून, चांगलं चोपडून लोणी-हळद लावली. मग इंजिनात वाकून हळूच म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी दिव्यांना बेगड लागली, बॉनेटवर झूल आली, पुरणपोळीचा नैवेद्य झाला. आणि पोळ्याला बैल जुंपत नाहीत, म्हणून किल्लीला कुणी हात लावला नाही.

त्यामुळं ते लोणी कामाला लागलं थेट तिसऱ्या दिवशी, माझ्या नशिबाच्या सकाळी. आर्वी सुटली आणि बॉनेटखालून बारीक किंचाळी सुरू झाली, मागोमाग तूप कढवल्याचा खमंग वास. काका खूश! "पाह्य, कशी गाऊन राह्यली! काल जेवली ना." माझं लक्ष काट्यावर. काटा चढत होता. आंजीला पोचेपर्यंत बॉनेटमधून वाफांचे लोट निघाले आणि गाडी चहाच्या टपरीपुढं थांबली. त्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा, पोरं लाकडी नंदी ओढत चालली होती. त्यांनी बेगड लावलेली, फुसफुसणारी गाडी बघितली आणि तिच्या पाया पडून पुढं गेली.

"काका, मी एस्टीनं जातो," मी म्हणालो. आवाज रडका झाला होता.

"आन् इले इथं टाकून देऊ? तिले काय वाटन?" असं म्हणत त्यांनी बॉनेट उघडलं. पट्टा लोण्यानं माखून पंख्याच्या चाकावरून नुसता घसरत होता. काकांनी तो बोटानं चाचपला, बोट नाकाशी नेलं. "चुकलं, बाप्पा," ते म्हणाले. "बैलाचा खांदा मऊ पाह्यजे, इचा खरखरीत पाह्यजे."

टपरीवाल्या मावशी पातेलं घासत होत्या. त्यांनी विचारलं, "काय झालं जी भाऊ?" काकांनी सांगितलं. मावशींनी चुलीतली राख पुढं सरकवली. "लोणीच हाये ना? मंग घासा भांड्यावानी." आम्ही पट्टा उतरवला आणि दोघं उकिडवे बसून घासू लागलो. काका सदऱ्याच्या बाहीला पट्टा पुसत होते आणि सारखे माझ्याकडं बघत होते. "होते, होते. टाइम हाये," म्हणत होते. एरवी टाइम नावाच्या गोष्टीला न जुमानणारा माणूस! इंजिन निवलं, पाणी भरलं, पट्टा चढवला. गाडी गुमान चालली.

अकराला थोडीच मिनिटं कमी असताना आम्ही सावंगीत. बाईंनी माझे पिवळे हात बघितले. "लग्न आहे का तुमचं?" मी काहीतरी पुटपुटलो आणि त्यांच्या गाडीत बसलो, शेजारी बाई, मागं काका. गाडी इतकी गपचूप चालत होती की मला ती बंद पडल्यासारखी वाटे. वळणावर डावा इंडिकेटर लावला आणि सवयीनं मान आकसली. भोंगा वाजलाच नाही. "बाई, तुमचा भोंगा बिघडलाय," हे अगदी ओठांवर आलं होतं. फेरी मारून आलो, तेव्हा बाईंनी शेवटचं विचारलं, "रस्त्यात गाडी बिघडली तर काय कराल?"

मागच्या सीटवर काका पुढं सरकले. त्यांच्या मते ह्या प्रश्नाला माझ्याइतका तयार माणूस महाराष्ट्रात नव्हता.

मला खोटं सुचलंच नाही. मी म्हणालो, "काही करणार नाही. हात लावणार नाही. बाजूला उभी करीन आणि मेकॅनिकला बोलावीन."

काका पुन्हा मागं टेकले. मग बाई म्हणाल्या, "उद्यापासून या. नागपूरला मी फोन करते."

परतताना मागं बसलेल्या काकांनी आंजीला टपरीवाल्या मावशींना हात केला. मी आरशात बघायचं टाळत होतो. मग तेच म्हणाले, "बराबर बोलला तू. मीच शिकवलं ना तुले हे?"

"तुम्हीच, काका."

"पन मेकॅनिकवर नजर ठेवजो. ते लोक येकबी नट उरू देत नाईत."

ह्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी त्याच बाईंची गाडी चालवतो. मध्ये त्यांनी दोन गाड्या बदलल्या. काकांची गाडी भंगारात गेली. अजून कधी ते सावंगीला तब्येत तपासून घ्यायला आले की बाईंच्या नव्या गाडीचं बॉनेट उघडायला लावतात. आत सगळं काळ्या झाकणाखाली बंद. ते चष्मा सारून बघतात, हात पुढं नेतात आणि मागं घेतात. "मानसाले हात घालाले जागाच नाई ठेवली," एवढंच म्हणतात.

मी स्वतःसाठी जुनी गाडी बघून ठेवतोय. साधी, उघडी, आतलं सगळं दिसेल अशी. ती माझी झाली की पहिल्यांदा आर्वीला नेईन. गोठ्यात उभी करीन, बॉनेट उघडीन, काकांच्या हातात पाना देईन आणि म्हणेन, खोला, काका. जे खोलायचं ते खोला. ह्या गाडीसाठी मेकॅनिकला बोलावणार नाही.